मुळांच्या हद्दीतली खोली

विटांचा ट्रक अर्धा रिकामा झाला होता, तेवढ्यात रस्त्यावर एक स्कूटर कचकन थांबली आणि तिच्यावरचा माणूस ओरडतच आत घुसला.

"उचला! आधी त्या विटा उचला! खाली जीव गुदमरतोय!"

प्लॉटवर विटा मोजत उभी असलेली ती धावत पुढे आली. "कोण? कोण सापडलंय खाली?"

"मुळं."

"काय?"

"या झाडाची मुळं. एवढं ओझं पडलं की माती दबते, त्यांना हवा मिळत नाही..."

ती बघतच राहिली. राग तर असा आला होता म्हणता! पण त्याच्या घामेजल्या कपाळावर एक वाळकं पान चिकटलं होतं, त्यामुळे धड रागावताही येईना.

तो निघाला नगरपालिकेचा झाडांचा अधिकारी, शेजारच्या घराच्या तपासणीला चाललेला. आणि इकडे घर बांधायची परवानगी येईलच या भरवशावर आत्याने विटा आधीच मागवून ठेवलेल्या! ती स्वतः शिवणकाम करायची. भाड्याच्या दोन खोल्यांत ती, आत्या, मशीन आणि कापडाचे ढीग मावत नव्हते, म्हणून तर हे घर. त्यात झाडाच्या बाजूला भरपूर उजेडाची शिवणाची खोली. नेमकी तीच मुळांच्या हद्दीत येत होती.

"ही हद्द ठरवतं कोण?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"झाडच. खोडाचा घेर मोजला की मुळं कुठवर गेली असतील ते कळतं." त्याने खिसे चाचपले. "टेप... ऑफिसात राहिली वाटतं."

तिने गळ्यातली टेप काढून दिली. ती तोकडी पडली. मग टेप संपली तिथे ती बोट ठेवून उभी, आणि पुढचं माप घ्यायला तो झाडाच्या पलीकडे. मध्ये ते भलंथोरलं खोड.

"बोट हलवू नका हं."

"माझं माप आजवर चुकलेलं नाही."

"माझंही नाही," पलीकडून आवाज आला. "आज काय होतंय कोण जाणे..."

जाताना टेप त्याच्याच खिशात गेली. तिच्या लक्षात आलं होतं, बरं का. तिने मागितली नाही.

मग तो येत राहिला. पाया खणायचाच नाही, म्हणाला. खोली बारीक खांबांवर उभी करू, जमिनीपासून जरा उंच. फक्त खांबाच्या जागी जाड मूळ नको. ते बघायला तो गुडघे टेकून खुरप्याने हळूहळू माती सारायचा, आणि ती शेजारी बसून ढेकळं उचलायची.

"हात लावून बघा," तो एकदा म्हणाला. मूळ गार होतं, ओलसर. तिची बोटं त्याच्या बोटांना लागली... आणि दोघांनीही हात मागे घेतला नाही.

"एका झाडाला किती ते तपासायचं!" आत्या छत्रीखालून म्हणाली. "माझ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनीसुद्धा मला एवढं बघितलं नव्हतं."

आणि एके दिवशी त्याच्याऐवजी एक मिशीवाले साहेब आले. "हे काम आता माझ्याकडे आहे. त्यांनी स्वतःहून सोडलं."

स्वतःहून! तो शब्द तिच्या डोक्यातून जाईना. बोटं लागली ते त्याला आवडलं नसेल? की सगळे आपल्याच मनाचे खेळ? स्कूटरचा आवाज आला की मशीनवरचा पाय थांबायचा. एका शर्टाला तर तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. नवी टेप मात्र आणली नाही. आत्याच्या लाकडी पट्टीवर काम भागवलं.

परवानगी आली. आत्याने तिला मिठीच मारली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

"घराला परवानगी मिळाली म्हणून कुणी असं रडतं होय?" आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "मी काय आंधळी आहे?"

खांब उभे राहिले. त्यांवर खोली उभी राहिली. उघड्या खिडकीतून झाडाची फांदी हाताशी येत होती. सगळं अगदी त्याने सांगितलं होतं तसं, आणि तोच नव्हता. तिला त्याची इतकी आठवण आली की खोलीत थांबवेना. ती दाराशी आली, आणि बाहेर स्कूटर कचकन थांबली.

"आत येऊ?"

"कशाला? झाड बरं आहे तुमचं."

"झाडासाठी नाही आलो."

"न सांगता गेलात," ती दार अडवून म्हणाली. "किती वाट बघितली मी!"

"मला एकदा वाटून गेलं... झाडाचं काहीही होवो, तुम्हाला ही खोली मिळू दे." तो खाली बघत होता. "ज्याच्या मनात असं येतं, त्याने सही करायची नसते. आणि परवानगी येण्याआधी तुमच्याशी बोललो असतो, तर लोक म्हणाले असते, ओळखीने मिळवली. रोज कोपऱ्यापर्यंत यायचो मी. तिथूनच परत फिरायचो."

"आणि आता?"

"आता सांगतो. तुमच्याशिवाय करमत नाही मला." त्याने खिशातून टेप काढली. नीट गुंडाळलेली. "ही द्यायची राहिली होती. खरं तर... द्यावीशी वाटत नाही."

तिने डोळे पुसले. टेपचं एक टोक धरलं, दुसरं त्याच्याच हातात राहू दिलं.

"खिडकीला पडदे शिवायचेत. चला, माप घेऊ."

या वेळी मध्ये खोड नव्हतं. टेपकडे दोघांतलं कुणीच बघत नव्हतं, त्यामुळे माप काही केल्या जमेना. शेवटी खालून आत्या ओरडली, "अगं, एवढीशी ती खिडकी!"