शेवटच्या दोन घागरी

गळ्याला लाल चिंधी बांधलेली एक रिकामी घागर.

सातवी ब. फळ्यावर माझं अक्षर : ‘पाऊस’ हा शब्द वापरायचा नाही.

शाळेच्या पाटीवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडलेलं. वर ‘लातूर’. रंग ओला.

हेडमास्तर साहेबराव, सोमवारी : “बाई, जिल्ह्याचे दोन झाले, तुमचं घर उमरग्याचं. जुन्या जिल्ह्यात जायचं की इथं राहायचं, शनिवारपर्यंत सांगा.”

गुरुबसप्पा सरांच्या गळ्यात शिट्टी. ते कवायत शिकवत, आणि टँकर आला की घागरींची रांग सांभाळत.

आमच्या गावात रांगेत माणसं नव्हे, घागरी उभ्या राहत. माणसं आपापल्या कामाला जात. घागर आपली जागा धरून बसे. तिला कुणी हात लावत नसे.

मी कविता शिकवत होते. पोरांच्या वह्यांत पाऊस धो धो पडायचा, बाहेर चिमणीलाही थेंब नव्हता. म्हणून म्हटलं, डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. पंचफुला उठली आणि खणखणीत वाचलं —

टँकर आला, धूळ उडाली,
घागर माझी मागंच राहिली.
लाल चिंधीची चालत गेली —
शिट्टीवाल्या सरांनी नेली.

लाल चिंधी माझी.

“घागरीला पाय असतात का गं?”

“न्हाई बाई. सरला हायत.”

वर्ग खिदळला. माझे कान तापले.

मधल्या सुट्टीत टँकरपाशी गेले. माझी घागर पहिल्या पाचांत.

“सर, ही पुढं कशी आली?”

“वारा लई हाय आज.”

“वाऱ्याला माझीच बरी सापडली?”

“चिंधी लांबून दिसती त्याला…”

हसू आलं होतं, पण दाबलं. “पंचफुलाची घागर मागं राहिली, सर. सातवी ब ला कळलंय. संध्याकाळपर्यंत गावाला कळंल.”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझी घागर उचलून रांगेच्या टोकाला ठेवली. मग स्वतःची आणून तिच्या मागं.

“तुमची कशाला?”

“चूक माझी हाय. शेवटून पयला मीच बरा.” शिट्टी बोटांत फिरत होती. “तुम्ही उमरग्याकडं चालल्या म्हणं? सगळे म्हणायलेत.”

“म्हणू द्या.”

“म्हणजे… जाणार?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं… शाळेचं नुकसान हुईल. कविता कोण शिकवंल…”

“सर, पोरांना मी काय सांगते? इकडचं तिकडचं नको. आहे ते सरळ लिहा.”

“मला लिहिता येत न्हाई.”

“मग बोला.”

टँकरचा पाइप खळखळत होता. बायका आपापल्या घागरींपाशी यायला लागल्या होत्या.

“जाऊ नका,” ते म्हणाले. “महानंदा… इथंच राहा. माझ्या घरी. मायला बोललोय मी, ती हाव म्हणली.”

एवढं सरळ मला अपेक्षित नव्हतं. मी पदर सारखा केला… उगीच.

“बरं,” म्हटलं.

“बरं म्हणजे हाव?”

“हाव.”

आमच्या दोन घागरी राहिल्या आणि पाइपातून नुसती हवा फुसफुसली. टँकर रिकामा. गुरुबसप्पांनी दोन्ही घागरी उचलल्या, आणि आम्ही फाट्यावरच्या हापशाकडं निघालो. साऱ्या शाळेदेखत.

लातूर जिल्हाच हवा, हे मी हेडमास्तरांना त्याच सोमवारी सांगितलं होतं.