पावलावरची फुली

आपला रंगारी तुम्ही पाहिलाय ना? तोच, भिंतीला एक हात देऊन गप्पांना चार हात देणारा. खोटं वाटलं तर उद्या त्यालाच विचारा. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची शिडी परत द्यायला निघाला, आणि पन्नास पावलांवर पोटरी धरून मटकन बसला. पाऊल हाताला लागलं ते दगडासारखं गार.

त्याला कळून चुकलं. चार वर्षांपूर्वी याच उजव्या पायाचं रक्त अडलं होतं, तेव्हा मांडीतली शीर काढून बायपास केला होता. आता तीही तुंबली. या वेळी शीर दंडातून काढायची ठरली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, "ही वाटही बंद पडली, तर पाय कापावा लागेल."

"बरं," रंगारी म्हणाला. घाबरायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं त्याच्यात.

मंगळवारी ऑपरेशन झालं. त्या रात्री दर तासाला एक तरुण सिस्टर यायची आणि पावलावर छोटं यंत्र टेकवायची. नाडी चालू असली की त्यातून फुस्-फुस् आवाज येई. बाराला आला. एकला आला. दोन वाजून दहा मिनिटांनी... काहीच नाही.

तिनं यंत्र इकडे टेकवलं, तिकडे टेकवलं.

"काका, हात लावलेला कळतोय?"

"नाही गं बाई. पाय आहे की गेला, तेच कळत नाही."

ती डॉक्टरांना बोलवायला पळाली.

रंगारी छताकडे बघत पडून राहिला. वॉर्डात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मग पायथ्याशी कुणीतरी उभं राहिलं. जाड भिंगांचा चष्मा. थोरली सिस्टर. मागच्या खेपेला तिनंच हाताला धरून त्याला चालवलं होतं.

तिनं पाऊल हातात घेतलं. बोटं बर्फासारखी... आणि ती त्याला कळली. त्या बधिर पायाला.

"आहे नाडी," ती पुटपुटली. "जरा आत सरकलीय."

पेनाचं टोक. एक रेघ. दुसरी.

तरी ती गेली नाही. उभीच. बराच वेळ...

दार उघडलं. डॉक्टर आले, मागून ती तरुण सिस्टर. पायथ्याशी कुणी नव्हतं.

"ही फुली कुणी केली?"

"थोरल्या सिस्टरनी. आत्ताच."

डॉक्टरांनी यंत्र फुलीवर टेकवलं.

फुस्... फुस्... फुस्...

"काका," सिस्टर हळूच म्हणाली, "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली."

"अस्सं," रंगारी म्हणाला, आणि झोपला.

पाय वाचला. दहाव्या दिवशी घरी आल्यावर बायकोनं कोमट पाण्यानं त्याची पावलं धुतली. उजव्यावरची फुली पहिल्याच पाण्यात गेली. मग तिनं डावा पाय उचलला. हा धडधाकट, कधी सुईही न लागलेला.

त्याच्यावरही फुली.

साबण झाला. रंगाऱ्याचं टर्पेंटाइन झालं. परवा त्यानं मोजा काढून मला दाखवली...

शाई अजून ओली आहे.