मागच्या सीटवरचं वजन

हे घडलं तसंच सांगतोय. निदान मला आठवतं तसं.

माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही, म्हणून तीन वर्षं गप्प बसलो. पण जे झालं ते भरदुपारी झालं. आणि शेवटी मी स्वतः तिथं होतो.

माझी ताई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दाजींनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. पण ती गेल्यापासून घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि ते त्याला चावी देत नव्हते.

मग एक दिवस त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली. पन्नास वर्षांची, काळी, जड. मागं बसणाऱ्यासाठी वेगळी सीट, तिच्याखाली दोन स्प्रिंगा.

"या वयात हे काय खूळ?" मी म्हटलं.

"पंडित, तुम्ही जुनी पुस्तकं हुंगता, तेव्हा मी काही बोलतो का?"

एका गुरुवारी, दुपारी सव्वातीनला, ते पेट्रोल भरायला गेले. टाकी भरली. किक मारली.

गाडी सुरू होईना.

दहा किका. वीस. पंपावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, आता तुम्हीच बंद पडाल."

दाजी दमून थांबले. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं, मान न वळवता, त्यांच्या तोंडून निघून गेलं...

"बसलीस का?"

मागच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

सीट दबली.

डाव्या खांद्यावर एक हात आला... अगदी हलका.

पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

घरी ते इतके सावकाश आले की सायकलवाले पुढं जात होते.

त्यानंतर दाजी माणसात आले. दोन वेळा जेवू लागले. रोज स्वतः शर्टाला कडक इस्त्री करून बाहेर पडू लागले. भिंतीवरचं घड्याळ चालू झालं.

"तुमची ताई रोज फिरायला येते माझ्याबरोबर," ते म्हणाले. मी मान डोलावली.

पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. ताईनं कधी खांद्यावर हात ठेवला नव्हता. ती पाठीमागून शर्ट मुठीत घट्ट धरायची. त्यावरून रोज भांडणं व्हायची, "इस्त्रीची वाट लावतेस!" म्हणून.

"बदलतात सवयी माणसाच्या," दाजी म्हणायचे. पण ती ताईच आहे ना, हे कळल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडेना.

गाडीच्या बुकात आधीच्या तीन मालकांची नावं होती. माझ्या कारनं आम्ही एकेकाला गाठलं.

शेवटचा मालक फोटोग्राफर. "पंपावर गेली की हटून बसायची," तो म्हणाला. "दर वेळी ढकलत आणायचो. चार महिन्यांत काढून टाकली."

त्याच्या आधीचा पोस्टमन. तो वारला होता. त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.

"ती गाडी? मी एकदाच बसले तिच्यावर. मागं मी एकटीच होते..."

तिनं दार आणखी ओढून घेतलं.

"तरी बसायला जागा नव्हती हो."

पहिला मालक छापखान्यातून निवृत्त झालेला. यंत्रांच्या खडखडाटानं तरुणपणीच ठार बहिरा झालेला. एका खोलीत एकटा राहत होता. दाजींनी कागदावर लिहून विचारलं, गाडी का विकलीत?

म्हाताऱ्यानं चष्मा काढून ठेवला.

"गुरुवार होता. तीनला पाळी सुटली. बायको मागं होती, पेट्रोल भरायला खाली उतरली. मला वाटलं, बसली. मी निघालो. ओरडली असेल... मागं धावली असेल... मला कुठं ऐकू येतंय? मागून ट्रक आला."

त्यानं ठेवलेला चष्मा उचलला, पुन्हा ठेवला.

"दोन मैल मी तिच्याशी बोलत गेलो. नुसतं विचारलं असतं, बसलीस का..."

"हात कुठं ठेवायच्या त्या?" दाजी लिहायचं विसरून गेले.

म्हाताऱ्याला ते ऐकूच गेलं नव्हतं. तरी त्याचा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला.

दाजींनी तो पाहिला, आणि मान खाली घातली.

मला वाटलं, आता ते कुणाला काही सांगणार नाहीत. गाडी ठेवून घेतील. मीही ठेवली असती. पण पुढच्या गुरुवारी ते गाडी घेऊन त्याच्या दारात हजर झाले. मागून मी कार घेऊन. त्यांनी म्हाताऱ्याला गाडीवर बसवलं आणि कागद पुढं केला.

'विचारा.'

बहिरा माणूस फार मोठ्यानं बोलतो.

"बसलीस का?"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या...

स्प्रिंगा दबल्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

म्हाताऱ्यानं डाव्या खांद्यावर गाल टेकवला, आणि तो लहान मुलासारखा रडला.

दाजींनी गाडीचं बुक त्याच्या खिशात ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी चावी फिरवणार, तोच म्हणाले, "थांबा, पंडित."

मान न वळवता, अगदी हळू, त्यांनी विचारलं.

"बसलीस का?"

मागची सीट रिकामी होती. काही झालं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"चला," ते म्हणाले.

रस्ताभर ते पुढं वाकून बसले होते, पाठ सीटला लागली नाही. घर आलं. ते उतरले आणि माझ्याकडे पाठ करून फाटक उघडू लागले.

तेव्हा मला दिसलं...

सकाळच्या कडक इस्त्रीचा शर्ट. पाठीवर एकाच जागी चुरगळलेला. मुठीएवढा.

मी त्यांना सांगितलं नाही. माझी नजर अधू, वय झालेलं... चुकीचं दिसलं असेल, आणि त्यांनी पुन्हा आस लावली तर?

मागच्या महिन्यात दाजीही गेले.

त्यांना सांगायला हवं होतं का, हे अजून मला ठरवता येत नाही. कारमध्ये बसलो की चावी फिरवण्याआधी मी थोडा थांबतो. विचारत मात्र काही नाही. धीर होत नाही.