बामीबाईंचा होकार

भाकरी थापताना वनिता स्वतःशीच पुटपुटली, की पीठ आज सैल झालंय. ओटीवरून आई म्हणाली, "आदी हात भाजून शिकली असतीस तं नसतं झालं." वनिताला हसू फुटलं. टोमणा आईच्या तोंडी परत आला, ही तिच्या कानामागच्या बोधकडीची करणी.

गेल्या वर्षी आईच्या, म्हणजे बामीबाईंच्या, मेंदूत डावीकडे रक्ताची गुठळी अडकली आणि शब्दांचा अर्थ लावणारी जागा मेली. कान शाबूत होते, पण लेकीचं बोलणं खाडीच्या भरतीसारखं नुसतंच येऊन आदळायचं. बोधकडी मंद विजेने तेच बोलणं मेंदूच्या उजव्या, धड बाजूकडे वळवायची. आज डॉक्टर रणदिवे ती वाट कायमची पक्की करायला आले होते. पक्की झाली की मोडता येणार नव्हती. पक्की करायची राहून गेली तर मेंदू कडीला दाद देईनासा होणार होता.

तेवढ्यात शेजारची नमी आली. तिच्या लेकीची हळद होती, आणि बामीबाई गावच्या धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या. त्यांच्या धवल्यांवाचून इथे लग्न लागत नसे. नमीने एकच धवला मागितला. बामीबाई ओठ हलवत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "नाय गो. सूरच सापडत नाय."

डॉक्टरांनी तपासणीसाठी कडी काढली, आणि बामीबाई गाऊ लागल्या. मांडवाच्या मेढी, आंब्याचा डहाळा, उंबऱ्यापाशी थबकलेली नवरी, सगळा धवला कुठेही न अडखळता. नमीने पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ही नवी वाट बहुधा गाण्यांच्याच घरातून गेलीय, ते म्हणाले. दोन्ही एकत्र नांदणार नाहीत.

आईलाच विचारू, वनिता म्हणाली. पण प्रश्न कळायला कडी हवी. तिने ती पुन्हा लावली आणि आईसमोर बसून सगळं नीट सांगितलं.

"गेली तं जाऊ दे गानी," बामीबाई म्हणाल्या. "तू हाक मारलीस, नि मना ती कललीच नाय, त्ये दिस नको परत. कर पक्की."

वनिताचा जीव भांड्यात पडला. पण पक्की करायची सुई कडीच्याच जागी टेकवायची होती. कडी उतरली. धवला पुन्हा सुरू झाला. सुई जवळ येताच बामीबाईंनी डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं. गाणं थांबलं नाही, नजर मात्र लेकीवर खिळली.

"आये, नको का?"

आई तिच्या हलत्या ओठांकडे पाहत गात राहिली.

वनिताने त्या मुठीवर हात ठेवला. मूठ सोडवायची, की आवळून धरायची?

"ताई," डॉक्टर हलकेच म्हणाले, "कुठल्या बामीबाईंचं ऐकू?"