तीन ठोके

ज्याला हसायचं त्याने आत्ताच हसून घ्यावं, मग मध्ये दात काढायचे नाहीत. गुलाबराव मिस्त्री आपल्या मंगरूळपीरचा. थापा मारणारा गडी नव्हे तो.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षातली अमावास्या. जेवणवेळ टळून गेलेली, आणि बाबूसिंग ड्रायव्हर दारात आला.

"चाला मिस्त्री. ट्रक कारंजाच्या रस्त्यावर उभा हाय. इंजिन खडखड करून राह्यलं. पहाटेच्या बाजाराले कोबी नाही पोचली त मालक मले कच्चा खाते."

गुलाबराव हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. एवढ्या थंडीत कुठे चालले, असं विचारणारं घरात कोणी नव्हतं. तुळसाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. ती नुसती बायको नव्हती, त्याची निम्मी मिस्त्रीकी होती. खडखड कुठून येते हे ऐकायचं तर मिस्त्रीने ट्रकखाली निजून स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. वर कोणीतरी इंजिन चालवायचं. वर ती बसायची. बाई बुटकी, पाय पोचत नसत, म्हणून पाठीशी चार घड्या केलेलं पोतं ठेवायची. खालून पान्ह्याचा एक ठोका, म्हणजे चालू. दोन, म्हणजे बंद. तीन ठोके मात्र तिचे, वरून टाचेने. अवो, बाहेर या, भाकर निवून राह्यली!

ते पोतंही त्याने तिच्यासोबत सरणावर ठेवलं होतं. दुसऱ्या कोणाच्या पाठीशी ते जायला नको.

ट्रक उतारावर होता, चाकाला दगड लावलेला. कंदिलातलं रॉकेल संपत आलं होतं.

"मळ्यातून रॉकेल घेऊन येतो. तुमी तवर पाहून ठेवा," म्हणत बाबूसिंग अंधारात गेला. केबिनला कुलूप, ट्रकची चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला.

गुलाबराव खाली सरकला. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, आणि जुन्या सवयीने हात आपोआप उचलला गेला. एक ठोका.

इंजिन चालू झालं.

"लवकर आला रे, बाबूसिंग?"

त्याने खालून मान काढून पाहिलं, केबिनचं दार बंदच होतं.

मग त्याला चावी आठवली. अंगाला दरदरून घाम फुटला. त्याने दोन ठोके दिले.

बंद.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. कंदील विझला... त्याने पुन्हा एक ठोका दिला.

चालू.

भीती वाटली, का नाही वाटणार? पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. बाहेर निघालो, आणि वर कोणी नसलं तर? खाली आहोत तोवर ती वर आहे. खोट केव्हाच कळली होती, बेरिंग गेलं होतं. तरी तो कान लावून पडून राहिला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला एकटं वाटत नव्हतं.

ठक. ठक. ठक.

वर. टाचेने.

"थांब ना वं... जरासं..."

ठक! ठक! ठक!

तिचा राग त्याला ठाऊक होता. "आलो," म्हणत तो बाहेर सरकला. पाय काढतो न काढतो तोच थरथरणाऱ्या चाकाखालचा दगड निसटला. त्याचं डोकं होतं तिथून चाक गेलं. ट्रक नालीत टेकला.

इंजिन बंद.

"तुळसा..."



त्याने वर चढून पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला बसून राहिला, बाबूसिंग येईपर्यंत. नालीतला ट्रक पाहून बाबूसिंगने घाईने कंदील पेटवला, करगोट्याची चावी काढली, केबिनचं दार उघडलं आणि तिथेच थबकला.

"मिस्त्री, हे पोतं कोनाचं? म्या त नाही ठेवलं."

सीटच्या पाठीशी. चार घड्यांचं. मधोमध दबलेलं.

गुलाबरावने हात लावून पाहिलं. एवढ्या थंडीत ते कोमट होतं.