देवरावकाकांची पहिली घागर

लाईट येईपर्यंत सांगते. पण भुताची गोष्ट म्हणून ऐकू नका. मी अमरावतीला पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलंय आणि गावाची पाणी समिती चालवते. जे झालं ते झालं तसं सांगते, अर्थ तुमचा तुम्ही लावा.

मागच्या वर्षीची अक्षय तृतीया. सकाळी मी टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला गेले होते. आमचं गाव बाळापूरहून आत, सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, लागतं ते खारंच. त्या पाण्याने भांडी घासायची, जनावरं धुवायची, कूलर भरायचा. कूलरच्या गवतावर आठवड्याभरात पांढरा पापुद्रा चढतो, यावरून काय ते समजा. प्यायचं गोड पाणी दूरच्या धरणातून नळाने येतं. त्या उन्हाळ्यात ते आधी आठवड्याने आणि मग दहा-दहा दिवसांनी येऊ लागलं. आलं की गावच्या सिमेंटच्या टाकीत साठवायचं आणि रोज सकाळी मोजून वाटायचं. टाकीच्या तोटीला लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, आणि चावी माझ्या गळ्यात.

मी चावी गळ्यात घालून फिरते म्हणून लोक हसायचे. हसोत. माझ्याआधी ती ज्यांच्याकडे होती त्यांच्या ओसरीतला कूलर गोड पाण्यावर चालायचा. मी आले आणि ते बंद झालं.

त्या वर्षी मी आणखी एक नियम केला होता. आपल्याकडे अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, वर आंबा, खरबूज. घरटी दोन-तीन तरी असतातच, आणि सगळ्या गोड पाण्याच्या. संध्याकाळी ते पाणी झाडाला जातं. मी ग्रामसभेत उभी राहिले आणि म्हणाले, यंदा घागरी बोअरच्या पाण्याने भरा. पितर पाणी पीत नाहीत, जिवंत माणसं पितात. बरीच कुरकुर झाली, पण शेवटी हात वर झाले. नियम मंजूर झाला.

टाकीवरून परतताना आशाकाकू दारात उभ्या दिसल्या. आमच्या घराला लागून त्यांचं घर. त्यांचे यजमान, देवरावकाका, त्याच हिवाळ्यात गेले होते. नळ येण्याआधी वर्षानुवर्षं खारं पिऊन किडन्या निकामी झाल्या होत्या. अकोल्याला डायलिसिस चालायचं आणि डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं होतं. दिवसभरात ठरलेलं तेवढंच. काकू वाटीने मोजून द्यायच्या. काका उठून हंड्यापाशी जाऊ लागले तेव्हा काकूंनी हंडा आतल्या खोलीत ठेवून दाराला कडी घातली. शेवटी शेवटी काकांना बोलवत नव्हतं. रिकामा लोटा उशाशी घेऊन ते त्यावर बोटातली अंगठी वाजवायचे. टक, टक. म्हणजे पाणी. भिंतीपलीकडे आम्हाला ते ऐकू यायचं.

"प्रतीक्षा, येक घागर गोडं दे वं," काकू म्हणाल्या. "पयली घागर हाये त्यायची."

"काकू, नियम सगळ्यांना सारखा."

"माह्या वाट्यातून काप. मी कमी पेईन."

"ह्या उन्हात? आजारी पडाल. आणि काकांना आता कसला त्रास, काकू? आता तर त्यांना कोणी मोजूनही देत नाही."

काकूंनी पदराने कपाळावरचा घाम पुसला.

"मीच मोजून देत होती नं," त्या म्हणाल्या. "या घागरीची वाट पाहून राहिली होती मी. येक डाव तरी पोटभर..."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि नियम यांची मी गल्लत करत नाही.

दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेले. खरं सांगायचं तर तपासायलाच गेले. घागरीत बोट बुडवून चाखलं. खारट होतं. काकू शब्दाच्या पक्क्या.

गेलेल्या माणसाच्या जागी आपल्याकडे एक जिवंत माणूस जेवायला बसवतात, त्याला पित्तर म्हणतात. काकांच्या जागी त्यांचे दोस्त पुंजारामकाका बसणार होते. धोतर, नवी टोपी, कपाळाला गंध, आणि तोंड अखंड चालू.

"काय वं चावीवाली, मलेबी खारंच पाजतं का? आज मी पित्तर हाओ, इचार करून सांग."

"पित्तर असा नाहीतर कलेक्टर असा. खारंच."

"पाह्य बापा! देवरावा, पाह्यलं का कशी पोट्टी हाये ते!" असं देवरावकाकांच्या फोटोकडे बघून म्हणाले आणि स्वतःच हसले. काकूही हसल्या, पुष्कळ दिवसांनी.

पाट मांडला होता. पानात पुरणपोळी, कुरडया, द्रोणात चिंचवणी. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी गाव असं बंद होतं की मध्यरात्रीलाही एवढी शांतता नसते. दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती, आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर. ओल्या गवताचा वास सगळीकडे.

काकूंनी घागरीतून लोटा भरला. तो काकांचाच पितळी लोटा होता. पुंजारामकाकांनी तो कपाळाला लावला, मला डोळा मारला, तोंड वाकडं केलं आणि एक घोट घेतला.

तेवढ्यात लाईट गेली. कूलरचं पातं हळू होत होत थांबलं, शेजारचंही, पलीकडचंही. सगळं गाव एकदम गप्प झालं. त्या शांततेत मला एकच आवाज ऐकू येत होता. गट... गट... गट...

पुंजारामकाका लोटा खाली ठेवत नव्हते. एक घोट नावाला घ्यायचा असतो. त्यांनी खारं पाणी तळापर्यंत प्यायलं.

"काका, मस्करी पुरे," मी म्हणाले.

त्यांनी रिकामा लोटा पाटासमोर ठेवला. मान खाली होती. मग बोट उचलून त्यावर वाजवलं.

टक, टक.

पुंजारामकाकांच्या बोटात अंगठी नव्हती. तरी आवाज धातूवर धातूचा आला.

काकूंचा हात तोंडावर गेला. मग त्यांनी आत जाऊन दिवसभराच्या गोड पाण्याचा हंडा उचलून आणला आणि लोटा भरला. तो संपला. टक, टक. पुन्हा भरला. तोही संपला. हंडा उपडा झाला तेव्हा मी आमच्या घरातून कळशी आणली. गट... गट... गट... पोट फुगत चाललं होतं आणि ओठ मात्र कोरडे पडत होते. वाळून, चिरून, त्यांवर पांढरी खार चढत होती, कूलरच्या गवतावर चढते तशी.

मी घाबरले नाही. ऊन लागलंय, मी स्वतःला सांगितलं. शरीरातले क्षार बिघडलेत. रुग्णवाहिकेला फोन लावला. बाळापूरहून निघतेय, तासभर लागेल, असं उत्तर मिळालं.

"काकू, घरात क्षारांची पुडी आहे. मी आणते."

काकूंनी माझा दंड धरला. "मीठ नको देऊ त्यायले, पोरी... मिठानंच गेले नं ते..."

"काकू, हे पुंजारामकाका आहेत. असंच पीत राहिले तर मरतील."

तेव्हा त्यांनी मान वर केली. डोळे पुंजारामकाकांचेच होते. पण ते ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होते...

"मास्तरीण..."

लहानपणी मी देवरावकाकांच्या ओट्यावर शाळा-शाळा खेळायचे. तेव्हापासून ते मला मास्तरीण म्हणत. दुसरं कोणीच नाही.

"मास्तरीण... हे खारं हाये वं..."

आणि श्वास लागला. छाती भात्यासारखी, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललेलं. काकूंनी घागर उचलली, अंगणात नेऊन उपडी केली, रिकामी माझ्यासमोर धरली. "घागरीतलंच पोचते वं त्यायले," म्हणाल्या आणि माझ्या गळ्यातल्या चावीकडे बघत राहिल्या.

मी विचार केला नाही, असं म्हणणार नाही. केला. मीच केलेला नियम, मीच तोडायचा, तोही भर दुपारी, टाकी चौकात. पण समोर माणूस मरत होता. नियम माणसं जगावीत म्हणून केला होता. घागर काखेत मारली आणि पळाले.

रस्ता तापून पांढरा दिसत होता. टाकीपाशी कोणी नव्हतं. कुलूप हाताला चटके देत होतं. तोटी सोडली, घागर खाली धरली.

आणि मला वाटलं, मागे रांग लागली आहे.

तुम्ही कधी पाणी वाटलंय का? मी रोज वाटते. माणसं पाठीशी दाटली की अंगाला कळतं. श्वास मानेवर येतात, कोणाचं कोपर लागतं, कोणीतरी जीभ ओठांवरून फिरवतं त्याचा बारीक आवाज येतो. ते सगळं तिथे होतं. वळून बघितलं तर नुसता चौक, ऊन, आणि बंद दारं. समोर वळले की पुन्हा रांग. पुढे सरकत असलेली. कोणी ढकलत नव्हतं, कोणी भांडत नव्हतं. आमच्या गावच्या रांगेत हे कधी होत नाही.

घागर भरली. मी तोटी घट्ट बंद केली, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

घरी काकूंनी घागर पाटासमोर ठेवली. मोजली नाही, वाटी घेतली नाही. लोटा बुडवून काठोकाठ भरून दिला.

"प्या," त्या म्हणाल्या. "आता कोनी नाई आडवत तुमाले. प्या पोटभर."

ते प्यायले. या वेळी हळू, थांबत थांबत. दुसरा लोटा अर्धा झाल्यावर एक लांब श्वास सुटला. मग त्यांनी लोटा पालथा घातला आणि वरून तळवा फिरवला.

पुंजारामकाकांनी डोळे चोळले. पानाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं.

"आशाबाई, वाढलं कवा? आन् हे पोट कशानं फुगलं माह्यं? जेवलो का मी?" मग ओठांवर बोट फिरवून ते चाखलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खारं पाजलंसच नं शेवटी, चावीवाली!"

रुग्णवाहिका आली, डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. ऊन लागलं असेल, म्हणाले. असेल. मला मान्य आहे. पुंजारामकाका आजही ठणठणीत आहेत आणि आजही बोलायचे थांबत नाहीत.

पण त्या दिवशी गावातल्या बाकी सगळ्या घागरी खाऱ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटपाला गेले. आई सोबत होती, बायका कळश्या घेऊन आधीच उभ्या. कुलूप जसंच्या तसं होतं. आतलं पाणी बोटभरही कमी झालेलं नव्हतं. पण टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर, जिथे गार सिमेंटला घाम येतो तिथे, पांढऱ्या खुणा होत्या. मिठाच्या. मी नख लावून चाखलं, म्हणून सांगते. ओठ टेकवून ओल चोखावी तशा खुणा. काही उंच, काही खांद्याइतक्या. पुष्कळ.

कोणी किंचाळलं नाही. एक बाई पुढे झाली, पदर ओला केला आणि त्यातली एक खूण पुसली. मग दुसरी बाई दुसऱ्या खुणेपाशी गेली. कोणी कोणाला विचारलं नाही, आपली कोणती ते शोधावं लागलं नाही. सगळ्या पुसल्या. आशाकाकू तेवढ्या नुसत्या उभ्या होत्या. त्यांना पुसायला काही नव्हतं.

एक राहिली होती. अगदी खाली, जमिनीपासून वीतभर. रांगत येणाऱ्या मुलाचं तोंड पोचेल तिथे. एवढीशी.

आई गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ तिथे पदर धरून राहिली.

यंदा नियम मी बदलला. कूलरला गोड पाणी घालणाऱ्याला दंड दुप्पट केला. आणि माणशी पाण्याचा हिशेब मांडताना घागरींचं पाणी आधीच बाजूला काढलं. तालुक्याचे साहेब विचारत होते, हे कोणाचं पाणी? म्हटलं, गावातल्याच माणसांचं. ते हसले. हसोत. पाणी पुरलं, कोणी तहानलेलं राहिलं नाही. सोय नीट लावली की सगळ्यांना पुरतं, हे मी आधीपासून म्हणते आहे.

अक्षय तृतीयेला आईने आमच्या घागरी भरल्या. आजोबांची, आजीची. मग कपाटामागून एक छोटंसं मडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. मी ते भरलं. टाकीचंच पाणी, चाखून बघितलेलं, गोड. कोणासाठी ते विचारलं नाही. मी आईची एकुलती एक मुलगी आहे. निदान मी तरी तसंच समजत आले होते.

संध्याकाळी घागरी झाडाला ओतायला उचलल्या. मोठ्या दोन्ही स्वच्छ होत्या. छोट्या मडक्यात थेंब नव्हता. त्याच्या काठावर एका बाजूला पांढरी खूण होती, आणि तिच्याशेजारी, अजून ओली, चार इवल्या बोटांची.