आबांचा अहिर

“हा आपला अहिर न्हाय,” सिद्धू टाकीत वाकून म्हणाला. “ह्याच्या पाठीवर काटे हायेत.”

सुकन्याही वाकली. मे महिन्याच्या सुट्टीत ही दोघं भावंडं काटेवाडीहून भिगवणला आजोबांकडे, गेणबा आबांकडे, आली होती. परवा पहाटे आबांच्या जाळ्यात हातभर लांबीचा, सापासारखा दिसणारा अहिर मासा सापडला, तेव्हा दोघं होडीतच होती. अकरा वर्षांनी मिळालेला मासा. त्याची पाठ अगदी गुळगुळीत होती.

आबांनी तो जिवंतच निकिताताईंसाठी दिला होता. पुण्याच्या या संशोधक बाई त्याचा जीनोम वाचणार होत्या. “प्रत्येक पेशीत त्याच्या घडणीचा सगळा मजकूर असतो,” त्यांनी फोनवर समजावलं होतं. “अहिर अंडी घालायला थेट समुद्रात जातो, तळ्यात घालतच नाही. त्याचं कारण कळलं, तर पुढे त्याची शेती करता येईल.” त्या येईपर्यंत मासा सांभाळायचं काम त्यांचा मदतनीस दीपक याच्याकडे होतं.

“तोच आहे. तुम्हाला काय कळतंय?” दीपक म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

सुकन्याचा चेहरा उतरला. “सिद्धू, काल दुपारी तू झोपला होतास ना, तेव्हा दीपकदादा ओलं पोतं घेऊन ढाब्याकडे चालला होता. मी विचारलं, तर म्हणाला, वाम आहे. मला कुल्फी दिली.”

“मग तू कुणाला सांगितलं न्हाय?”

तिने पायात चपला सरकवल्या. “चल, ढाब्यावर विचारू.”

दोघं हायवेवरच्या ढाब्यावर गेली. स्वयंपाक करणाऱ्या बनाबाई ओळखीच्या होत्या. सुकन्याने सहज विचारलं, “मावशी, दीपकदादानं आणलेला मासा कसा होता? आबा म्हणत्यात, तसला परत घावला तर तुमालाच देऊ.”

“लई चवीचा. डोकं फ्रीजमंदी हाय, आज रस्सा करायचाय.”

बनाबाईंकडून ते डोकं मागून घेऊन, बर्फात घालून दोघं धावत परतली. निकिताताई नुकत्याच पोचल्या होत्या आणि दीपकने आधीच कापून ठेवलेला वामेचा तुकडा बाटलीत भरायला घेत होत्या.

“थांबा, ताई,” सिद्धू ओरडला.

डोकं पाहून दीपकने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. तो मोबाईलवर मॅच बघत बसला होता, वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि मासा मेला. घाबरून त्याने तो ढाब्यावर दिला आणि बाजारातून अहिरासारखीच दिसणारी, पण काटेरी पाठीची जिवंत वाम आणली.

निकिताताईंनी डोक्याचा तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकला. “हा अहिर आहे, एवढं यावरून सिद्ध होईल. पेशी मात्र खराब झाल्यात, सगळा मजकूर आता वाचता येणार नाही. पण तुमच्यामुळे वामेचा जीनोम अहिराच्या नावावर जायचा वाचला.”

“शाबास, पोरांनो,” आबा म्हणाले. सिद्धू खुलला.

“ताई, काल दुपारीच मी सांगितलं असतं तर?” सुकन्याने विचारलं.

निकिताताईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. “नुकताच मेलेला होता. लगेच बर्फात ठेवला असता तर जमलं असतं.”

“आबा, मला पोतं दिसलं होतं. मी गप्प बसले.”

आबांनी तिला जवळ घेतलं. “आता सांगितलंस ना. पर असा अहिर परत घावंल का, ते काय सांगता येत न्हाय.”

बाटलीवरची चिठ्ठी सुकन्याने स्वतःच लिहायला मागितली. मासा: अहिर. ठिकाण: भिगवण. पकडणारे: गेणबा. शेरा या रकान्याशी तिचं पेन अडलं. मग तिने सावकाश लिहिलं: ‘काल दुपारी मेला. सुकन्याला दिसलं होतं. आज कळवलं.’